किटली कुठल्या नळाखाली भरतात

माझे पुढचे दात तपकिरी आहेत, हे आधीच सांगून टाकते. तंबाखू नाही, आळसही नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त होतं, आणि माझे दात हिरडीच्या आत तयार होत होते त्या वर्षांत मी तेच पाणी प्यायले. दात उगवले तेच डाग घेऊन. बोलताना तोंडावर हात ठेवायची माझी सवय तेव्हापासूनची आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिही, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा नको म्हटलं. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि मी जे लिहिते ते प्रयोगशाळेच्या वहीत. पण आपली माणसं तिसऱ्यांदा विचारतात, म्हणून हा लेख आहे. इंग्रज संपादक असते तर लेख झाला नसता. या फरकामुळे माझ्या हातून एक मोठी चूक घडली, आणि मी आज सांगणार आहे ती त्या चुकीचीच गोष्ट आहे.

अमरावतीला एम.एस्सी. करून मी शिष्यवृत्तीवर साउथहॅम्प्टनला एका वर्षाच्या कोर्ससाठी आले. नंतर शहराबाहेरच्या एका लहानशा कंपनीत लागले. ब्रायन हे मालक, एक फिटर आणि मी. ज्या घरांना, शेतांना नळाचं सार्वजनिक पाणी नाही, स्वतःची बोअर आहे, त्यांचं पाणी तपासायचं आणि लागेल ते यंत्र बसवायचं, हे आमचं काम. इंग्लंडमध्ये बोअरचं पाणी पिणारी माणसं आहेत हे मला इथे आल्यावर कळलं. खडूच्या खडकात खोल गेलेल्या काही बोअरींमध्ये फ्लोराइड निघतं हेही इथेच कळलं. आमच्या गावचा शत्रू मला सातासमुद्रापलीकडे परत भेटला. खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटलं. एवढ्या अनोळखी देशात एक तरी ओळखीचं भेटलं.

फ्लोराइडची अडचण अशी की ते दिसत नाही. पाणी स्वच्छ, थंड, चवीला उत्तम. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं दाट होतं. थोडं असेल तर दातांना चांगलं, म्हणून या देशात काही ठिकाणी ते पाण्यात मुद्दाम घालतात. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते काढायचं. माझ्या दातांकडे बघून लोकांना वाटतं हिला फ्लोराइड कमी पडलं असावं.

काढायची एक रीत म्हणजे अॅल्युमिना. साबुदाण्याएवढे पांढरे दाणे एका कार्ट्रिजमध्ये भरतात आणि त्यातून पाणी सोडतात. फ्लोराइड दाण्यांना चिकटून बसतं. पण चिकटायला त्याला वेळ लागतो. पाणी दाण्यांमध्ये रेंगाळलं पाहिजे. म्हणून फिल्टरचा नळ बारीक धारेने वाहतो. घाई केली तर फ्लोराइड तसंच बाहेर येतं. आणि दाणे एकदा भरले की कार्ट्रिज बदलावं लागतं.

एक मजेशीर गिऱ्हाईक आधी सांगते, कारण त्यात चहा आहे. मिल्टन कीन्सच्या एका मराठी गृहस्थांचा फोन आला. पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले. त्यांचं पाणी सार्वजनिक नळाचं होतं, पण त्यांनी इंटरनेटवर बरंच काही वाचलं होतं. मी व्हॅन घेऊन गेले, तिथल्या राउंडअबाउटांना तीन-चार प्रदक्षिणा घालून पोचले. पाणी तपासलं. काढण्यासारखं काहीच नव्हतं.

"मॅडम, मला झिरो हवंय," ते म्हणाले. "ॲब्सोल्युट झिरो."

तोवर त्यांच्या पत्नीने चहाचं तिसऱ्यांदा विचारलं होतं आणि मी अर्धाच कप म्हणून होकार दिला होता. मी विचारलं, "तुम्ही दिवसाला किती चहा घेता?"

"पाच-सहा कप होतो."

"मग झिरो व्हायचं नाही. चहाच्या पानातच फ्लोराइड असतं."

त्यांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे चहा सोडायचा?"

"सोडा ना," स्वयंपाकघरातून आवाज आला. "मॅडम, लेखी देता का?"

मी काही विकलं नाही. परत आल्यावर ब्रायन म्हणाले, "शंभर मैल जाऊन तू कपभर चहा पिऊन आलीस." पण त्यांचा चेहरा रागाचा नव्हता.

आता मिसेस हॉजेस. साउथहॅम्प्टनच्या उत्तरेला त्यांचं शेत. तेव्हा सत्तरी ओलांडलेली, नवरा गेलेला, मुलगा आणि सून दोघं नोकरीला, आणि सहा महिन्यांची नात, मॉली, दिवसभर त्यांच्याकडे. कौन्सिलच्या माणसाने बोअरचं पाणी तपासलं, फ्लोराइड मर्यादेच्या दुप्पट निघालं. मॉलीचं दूध पावडरचं होतं, याच पाण्यात कालवलेलं. पुढे सहा-सात वर्षांनी येणारे तिचे पुढचे दात नेमके याच दिवसांत हिरडीच्या आत घडत होते. सुनेने धसका घेतला आणि आम्हाला बोलावलं.

मिसेस हॉजेसना ते आवडलं नव्हतं. "ही बोअर माझ्या नवऱ्याने उभं राहून खणून घेतली," त्या मला म्हणाल्या. "चाळीस वर्षं हे पाणी प्यायलो. त्याचे दात मरेपर्यंत त्याचेच होते."

"लहानपणीही ते हेच पाणी प्यायचे का?" मी विचारलं.

"नाही. तो लंडनचा."

"मोठ्या माणसाच्या दाताला डाग पडत नाही, मिसेस हॉजेस. जे दात अजून घडतायत त्यांनाच पडतो." एवढं बोलून मी सवयीने तोंडावर हात ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मॉलीकडे. "बसव तुझं यंत्र," त्या म्हणाल्या.

आम्ही सिंकखाली कार्ट्रिज बसवलं आणि जुन्या मोठ्या नळाशेजारी एक बारीक, वाकड्या मानेचा नळ दिला. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी याच नळाचं, हे मी दोनदा सांगितलं. दर तीन महिन्यांनी नमुना घ्यायला मी येणार होते.

मी पोचले की त्या विचारायच्या, "चहा घेशील, डिअर?" आणि मी म्हणायची, "नको, नको, थँक यू." लगेच हो म्हणणं आमच्याकडे हावरटपणाचं. मग त्या दुसऱ्यांदा विचारतील म्हणून मी वाट बघायची, आणि त्या विचारायच्या नाहीत. मी कोरड्या घशाने बारीक नळाखाली बाटली धरून, लेबल लावून निघून जायची. प्रत्येक इंग्रज घरी असंच.

पहिल्या तीन महिन्यांचा आकडा सुरेख आला. सहा महिन्यांनी दाणे भरत आलेले असायला हवे होते, पण आकडा नव्यासारखाच. ब्रायन म्हणाले, बदलू नको, बघू किती टिकतं. नऊ महिन्यांनीही तेच. मी अहवालात लिहिलं, कार्ट्रिज अपेक्षेपेक्षा उत्तम चालले आहे. ब्रायननी तो कागद ऑफिसच्या भिंतीवर लावला. माझं लिहिलेलं काही भिंतीवर लागण्याची ती पहिलीच वेळ. मी त्याचा फोटो काढून गावी भावाला पाठवला. पुढे ब्रायननी ठरवलं की नव्या माहितीपत्रकात 'कार्ट्रिज वर्षभर चालते' असं छापायचं आणि खाली परीक्षण करणारी म्हणून माझी सही द्यायची.

त्याच सुमारास नलूताईंनी मला पकडलं. मी त्यांच्या घरी खोली घेऊन राहायचे. त्यांचे यजमान इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर.

"दिवसभर पाण्याचं काम करतेस आणि घरी येऊन उभ्या उभ्या तीन ग्लास पाणी पितेस," त्या म्हणाल्या. "लोक चहासुद्धा विचारत नाहीत?"

"विचारतात. मी नको म्हणते."

"मग?"

"मग काही नाही. परत विचारतच नाहीत."

नलूताई इतक्या हसल्या की डॉक्टर बाहेर बघायला आले. "अगं, इथे नको म्हणजे नकोच. पहिल्याच वेळी 'येस प्लीज' म्हणायचं. नाहीतर त्यांना वाटेल, हिला आपल्या घरचं चालत नाही."

त्यांनी ते सहज म्हटलं, पण मला लागलं. दुसऱ्याच्या घरचं पाणी न चालणारी माणसं मी गावात पाहिली होती, आमच्याच दारात उभी राहिलेली. आपण इथे वर्षभर तसेच दिसत असू, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बारा महिन्यांच्या नमुन्याला मी मिसेस हॉजेसकडे गेले. रस्ता मोकळा होता, अर्धा तास लवकर पोचले. आत गेले तर बारीक नळाच्या वाकड्या मानेवर मॉलीचे दोन मोजे वाळत होते. त्यांनी घाईने ते काढले आणि नळ फडक्याने पुसला.

"तू येणार म्हणून रोज पुसते हं," त्या म्हणाल्या. "म्हणजे, तू येतेस त्या रोजी. चहा?"

"येस, प्लीज," मी म्हटलं.

त्या थांबल्या, वळून माझ्याकडे बघितलं. "शेवटी एकदाची," त्या म्हणाल्या. मग त्यांनी किटली उचलली, मोठ्या नळाखाली धरली आणि भसाभस भरली. तेवढ्यात मॉलीने रिकामी बाटली आपटली. ती बाटलीही त्यांनी मोठ्या नळाखालीच भरून तिच्या हातात दिली.

मी खुर्चीवर बसले. कार्ट्रिज वर्षभर नव्यासारखं का राहिलं, ते मला तेव्हा कळलं. त्यातून कोणी पाणी घेतच नव्हतं. तिमाहीला एक बाटली पाणी जायचं, ती माझी.

"मिसेस हॉजेस, किटली नेहमी याच नळावर भरता?"

"मग काय करू? तुझ्या त्या नळाखाली किटली भरायची म्हणजे मॉली शाळेत जायच्या वयाची होईल."

"आणि तिचं दूध?"

"किटलीतलंच." एवढं बोलल्यावर त्यांचा आवाज बदलला. "उकळते मी ते. चांगलं उकळते."

"उकळून जात नाही," मी म्हटलं. "मी सांगितलं होतं ना, याच नळाचं घ्या म्हणून?"

"सांगितलं होतंस." त्या माझ्यासमोर बसल्या. "पण तू दर वेळी आलीस, नळाचं पाणी घेतलंस आणि म्हणालीस, पाणी छान आहे. मला वाटलं, छान आहे. किटलीची चौकशी तू कधी केली नाहीस."

त्यांनी चहा ओतला. दूध घालायच्या आधी थोडा मी नमुन्याच्या बाटलीत ओतून घेतला, उरलेला प्यायले. चहा फार चांगला होता. ऑफिसात येऊन तपासला, तर बोअरच्या पाण्यापेक्षाही आकडा वर. चहापत्तीने आपली भर घातली होती.

ब्रायनना सगळं सांगितलं. सांगताना मी अडखळत होते. ते म्हणाले, "माहितीपत्रक छापायला गेलंय."

"ते खोटं आहे."

"एका म्हातारीच्या घरी ते खोटं आहे."

"फिल्टर बसवलेल्या दुसऱ्या कुठल्या घरी आपण चहा प्यायलोय?" मी म्हटलं. "मी एकाही नाही."

मी आयुष्यात कुठल्याही वरिष्ठाला नाही म्हटलं नव्हतं. कॉलेजात प्रश्न विचारायलाही मी वर्ग रिकामा व्हायची वाट बघायची. तरी म्हटलं, "माझी सही काढा. मी सही देणार नाही." आणि भिंतीवरचा तो कागद काढून मी घडी घालून पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा ब्रायन छापखान्याशीच फोनवर बोलत होते. फोन ठेवून त्यांनी एकच विचारलं, "किटलीचं काय करायचं?"

ते मी रात्रभर विचार करून ठेवलं होतं. रेंगाळायला वेळ लागतो, तर तो माणसांना का मोजायला लावायचा? मिसेस हॉजेसच्या कोठीत झाकणाची एक टाकी बसवली. फिल्टरमधलं पाणी दिवसरात्र बारीक धारेने तिच्यात पडायचं. टाकीतून एक छोटा पंप, आणि तो जोडला थेट जुन्या मोठ्या नळाला. किटली जिथे वर्षानुवर्षं भरली जात होती तिथेच भरली जाणार, फक्त पाणी वेगळं. वाकड्या मानेचा नळ आम्ही काढून टाकला.

"आता मोजे कुठे वाळत घालू?" मिसेस हॉजेस म्हणाल्या.

पाच महिन्यांनी आकडा चढायला लागला. दाणे भरत आले होते, कार्ट्रिज संपत होतं. इतक्या आनंदाने वाईट आकडा मी कधी लिहिला नव्हता. ब्रायन म्हणाले, हा लाव भिंतीवर. तो अजून तिथे आहे.

बाकीच्या गिऱ्हाइकांकडेही मी नव्याने गेले. दर घरी पहिल्याच वेळी हो म्हटलं, आणि किटली कुठे जाते ते बघितलं. तीन घरांत ती मोठ्या नळाकडे गेली. तिथेही टाक्या बसल्या. आमच्या भेटीच्या फॉर्मवर आता शेवटी एक चौकोन आहे, 'चहा घेतला का?' नवीन माणूस लागला की त्याला तो विनोद वाटतो. मी त्याला काही समजावत नाही, चार घरं हिंडू देते.

हे सगळं चालू असताना मला आईची फार आठवण यायची. मी कॉलेजात असताना एका योजनेतून आमच्या गावात घरोघर फिल्टर वाटले होते, दोन मजली स्टीलचा डबा, आत हेच दाणे. सुट्टीत घरी गेले तर आईने त्यात तुरीची डाळ भरून ठेवलेली. तपासायला साहेब येणार असले की डाळ काढून, डबा घासून, पाणी भरून ठेवायची. मी तिला खूप बोलले. अडाणी म्हणाले. त्याच पाण्याने तिची पाठ तोवर वाकायला लागली होती, आणि मी म्हणाले की तू स्वतःच्या हाताने वाकवतेस. ती चुलीपुढून उठून बाहेर गेली.

टाकी बसवल्यावरच्या रविवारी मी फोन केला. "माय, तू डाळ काऊन भरली होती व त्यात?"

इतक्या वर्षांनी विचारल्यावरही तिला लगेच कळलं. "थेंब थेंब पाणी येते त्याले," ती म्हणाली. "वावरातून आलं का तहानेनं जीव जाते. तवा का त्याच्यापाशी बसून राहू?"

पुढच्या सुट्टीत मी डबा घासला, नवे दाणे भरले आणि तो उंच फळीवर ठेवला, खाली रांजण. वावरात जाताना तोटी सोडायची, परत येईपर्यंत रांजण भरलेला. आईने पहिल्या दिवशी रांजणात डोकावून पाहिलं. "हे आधी काऊन नाई सांगतलं?" ती म्हणाली. आधी मलाच कळलं नव्हतं, हे मी तिला सांगितलं. अडाणी म्हणाल्याबद्दलही माफी मागायची होती, पण ती तेवढ्यात तांब्या भरून घेत होती, आणि ते राहून गेलं. तिची पाठ आता सरळ होणार नाही. हाडात बसलेलं निघत नाही.

गेल्या महिन्यात मिसेस हॉजेसचा ऑफिसात फोन आला. नमुन्याची तारीख नव्हती. "दात आलेत," त्या म्हणाल्या. "ये."

मॉली आता शाळेत जाते. वरचे दोन दात आले होते, मोठे, करवतीसारख्या कडांचे. मी तिला खिडकीशी नेलं, दात रुमालाने कोरडे केले, कारण ओल्या दातावर काही दिसत नाही. डाग नव्हता. पण दोन्ही दातांवर, कडेपासून थोडी वर, एक बारीक पांढरी रेघ होती. दोऱ्याएवढी. शोधणाऱ्यालाच दिसेल अशी.

"काय आहे?" मिसेस हॉजेसनी विचारलं. त्यांना चष्म्यातूनही दिसली नव्हती. मी 'काही नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"इथे एक रेघ आहे," मी म्हटलं. "पांढरी. त्रास काही होणार नाही, दात मजबूत आहेत. पण ती त्या पहिल्या वर्षाची आहे. माझी आहे ती."

त्यांनी मॉलीचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग तिला खेळायला सोडलं, किटली घेतली आणि मोठ्या नळाखाली धरली.

"रेघ तुझी असेल," त्या भरता भरता म्हणाल्या, "तर बाकीचा दातही तुझाच."